इंग्रजीतील ‘फ्रेजल व्हर्ब’ : अर्थ कसा ओळखावा, वापर कसा करावा

रायपूर – ‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘अप’ म्हणजे वर. परंतु ‘गिव्ह अप’ म्हणजे वर देणे नव्हे, तर सोडून देणे. ‘पुट’ म्हणजे ठेवणे. मात्र ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘पुट आउट’ म्हणजे विझवणे आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे. इंग्रजीतील काळ, वचन आणि प्रयोग यांचे नियम पाठ असलेला विद्यार्थीही ज्या ठिकाणी हमखास अडखळतो, ते हे ठिकाण होय. साध्या क्रियापदाला एखादे लहानसे अव्यय जोडून तयार होणाऱ्या आणि बहुतेक वेळा स्वतंत्र अर्थ धारण करणाऱ्या या शब्दसमूहांना इंग्रजीत ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. मराठीत त्यांना सोयीसाठी जोडक्रियापदे म्हणता येईल.

छत्तीसगडची राजधानी असलेल्या रायपूरमधील मराठी भाषकांपुढे हा प्रश्न अधिक ठळकपणे उभा राहतो. घरात मराठी, शाळेत हिंदी, बाजारात छत्तीसगढी आणि नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजी, असा येथील अनेक कुटुंबांचा भाषाव्यवहार आहे. इंग्रजी शब्दांचे अर्थ बहुतेकांनी हिंदी शब्दकोशातून शिकलेले असतात. एका शब्दासमोर एक अर्थ, या पद्धतीने झालेल्या या शिक्षणात जोडक्रियापदांना फारशी जागा मिळत नाही. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र कारखान्यातील सूचनाफलक, नियुक्तिपत्र, रुग्णालयातील संभाषण आणि संगणकाचा पडदा या सर्वांवर त्यांचेच राज्य असते.

बहुभाषक रायपूर

रायपूर आणि मराठी यांचा संबंध जुना आहे. अठराव्या शतकात छत्तीसगडवर नागपूरकर भोसल्यांची सत्ता आली. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य ब्रिटिशांनी खालसा केले आणि १८६१ मध्ये नागपूर ही राजधानी असलेला मध्य प्रांत अस्तित्वात आला. हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांच्या या प्रांतात रायपूरचा समावेश होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, तर रायपूर मध्य प्रदेशात राहिले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य झाले. तात्यापारासारख्या जुन्या वस्त्या आणि महाराष्ट्र मंडळासारख्या संस्था या इतिहासाच्या खुणा आहेत.

भाषेच्या अभ्यासाची परंपराही या शहराला आहे. हिंदी पत्रकारितेचे एक आद्य पुरुष मानले जाणारे माधवराव सप्रे हे मराठी भाषक. रायपुरात शिकलेल्या सप्रे यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केले. पुढे त्यांनी समर्थ रामदासांचा ‘दासबोध’ आणि लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. हीरालाल काव्योपाध्याय यांनी १८८५ मध्ये छत्तीसगढीचे व्याकरण लिहिले. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज ग्रियर्सन यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद १८९० मध्ये प्रसिद्ध केला. कलकत्त्याच्या इम्पीरियल लायब्ररीचे पहिले भारतीय ग्रंथपाल आणि सुमारे ३४ भाषांचे जाणकार हरिनाथ डे यांचे बालपणही रायपुरात गेले. अनेक भाषांच्या सहवासात वाढणे हा अडथळा नसून भांडवल ठरू शकते, याची ही उदाहरणे आहेत. जोडक्रियापदांच्या बाबतीत तर हे भांडवल प्रत्यक्ष उपयोगी पडते.

जोडक्रियापदे इंग्रजीत आली कशी

प्राचीन इंग्रजीत क्रियापदाच्या आधी उपसर्ग जोडून नवे अर्थ तयार केले जात. कालांतराने हे उपसर्ग मागे पडले आणि त्यांची जागा क्रियापदानंतर येणाऱ्या स्वतंत्र अव्ययांनी घेतली. या बदलाला उत्तरेकडील स्कँडिनेव्हियन भाषांच्या संपर्काचाही हातभार लागला, असे मानले जाते. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंच आणि लॅटिन कुळातील शब्द मोठ्या संख्येने इंग्रजीत दाखल झाले. त्यामुळे एकाच क्रियेसाठी दोन शब्द रूढ झाले. आग विझवणे यासाठी बोलण्यात ‘पुट आउट’, तर लेखी भाषेत ‘एक्स्टिंग्विश’. पुढे ढकलणे यासाठी ‘पुट ऑफ’ आणि ‘पोस्टपोन’. सहन करणे यासाठी ‘पुट अप विथ’ आणि ‘टॉलरेट’.

परकीयांना इंग्रजी शिकताना सर्वाधिक अडचण याच रचनांची येते, हे सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत नमूद केले होते. ‘फ्रेजल व्हर्ब’ ही संज्ञा मात्र बरीच नंतरची आहे. लॉगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ मधील ‘वर्ड्‌स अँड इडियम्स’ या पुस्तकात ती वापरली आणि ती ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचविल्याचे सांगितले.

१९३० मध्ये सी. के. ऑग्डेन यांनी परकीयांसाठी ‘बेसिक इंग्लिश’ ही अवघ्या ८५० शब्दांची योजना मांडली. तिच्यात क्रियापदे केवळ १८ होती. परंतु ‘गेट’, ‘पुट’, ‘टेक’, ‘गो’ अशा या क्रियापदांना अव्यये जोडली की अर्थांची संख्या झपाट्याने वाढत असे. शब्द कमी झाले तरी शिकण्याचे ओझे तेवढे कमी झाले नाही, हा या योजनेवरील प्रमुख आक्षेप होता.

मराठीतील ओळखीच्या वाटा

ही रचना मराठी भाषकाला वाटते तितकी परकी नाही. पहिली ओळखीची वाट संस्कृत उपसर्गांची. ‘हृ’ या एकाच धातूला निरनिराळे उपसर्ग लागून प्रहार, आहार, विहार, संहार आणि परिहार हे शब्द तयार होतात. त्यांच्या अर्थांत परस्परसंबंध शोधणे कठीण असले, तरी मराठी माणूस ते निःशंकपणे वापरतो. उपसर्गाला स्वतःचा अर्थ असतो की तो केवळ धातूतील अर्थ उजेडात आणतो, याविषयी शाकटायन आणि गार्ग्य यांच्यात मतभेद होते, असे यास्कांच्या ‘निरुक्ता’त नोंदलेले आहे. ‘अप’ आणि ‘आउट’ यांना स्वतंत्र अर्थ आहे काय, हा आधुनिक भाषाशास्त्रातील वाद त्याच जातीचा आहे.

दुसरी वाट स्थलवाचक अव्ययांची. ‘पुढे ढकलणे’, ‘मागे घेणे’, ‘पार पाडणे’, ‘वर काढणे’, ‘मागे पडणे’ हे मराठी प्रयोग इंग्रजी जोडक्रियापदांचे सख्खे भाऊ शोभतात. परीक्षा पुढे ढकलली जाते तेव्हा कोणीही कशाला धक्का देत नाही आणि संप मागे घेतला जातो तेव्हा हाताने काही ओढले जात नाही. येथे जागेचा अर्थ काळाला किंवा निर्णयाला लावलेला असतो. इंग्रजीतही हेच घडते.

तिसरी वाट संयुक्त क्रियापदांची. ‘खाऊन टाकणे’, ‘देऊन टाकणे’, ‘पाहून ठेवणे’ यांतील दुसरे क्रियापद आपला मूळ अर्थ सोडून पूर्णता किंवा हेतू दाखवते. हिंदीत ‘खा डालना’, छत्तीसगढीत ‘खा डारना’ ही त्याच घडणीची रूपे होत. ‘तो बोलून गेला’ या वाक्याचे दोन अर्थ होतात : तो बोलला आणि निघून गेला, किंवा नको ते त्याच्या तोंडून निघाले. संदर्भावरून मराठी वाचक योग्य अर्थ घेतो. ‘ही लुक्ड अप’ म्हणजे त्याने वर पाहिले आणि ‘ही लुक्ड अप द वर्ड’ म्हणजे त्याने तो शब्द कोशात पाहिला. येथेही संदर्भच निर्णय देतो.

अव्ययांचा कल

जोडक्रियापदे पूर्णपणे यादृच्छिक नाहीत. अव्ययांना ठरावीक दिशा असते. ती ओळखली तर अपरिचित प्रयोगाचा अर्थही बऱ्याचदा हाती लागतो.

अप – वर जाणे किंवा वाढणे याबरोबरच क्रिया पूर्णत्वास जाणे. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणे, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणे. मराठीतील ‘टाकणे’ येथे जवळचे ठरते.

डाउन – कमी होणे, थांबणे किंवा कागदावर उतरणे. ‘स्लो डाउन’ म्हणजे वेग कमी करणे, ‘राइट डाउन’ म्हणजे लिहून घेणे.

आउट – बाहेर येणे, उघड होणे किंवा संपणे. ‘फाइंड आउट’ म्हणजे शोधून काढणे, ‘रन आउट’ म्हणजे साठा संपणे. क्रिकेटमधील धावबाद हा याच शब्दांचा अगदी निराळा अर्थ असून तो मराठी वाचकाला आधीच ठाऊक असतो.

ऑफ – वेगळे होणे, तुटणे किंवा रद्द होणे. ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणे, ‘वेअर ऑफ’ म्हणजे परिणाम ओसरणे.

ऑन – चालू राहणे. ‘कॅरी ऑन’, ‘गो ऑन’ आणि ‘कीप ऑन’ या तिन्हींत सातत्य आहे.

ओव्हर – एका हातातून दुसऱ्या हातात जाणे किंवा पुन्हा नजर टाकणे. ‘हँड ओव्हर’ म्हणजे सोपवणे, ‘गो ओव्हर’ म्हणजे पुन्हा तपासणे.

बॅक – परत येणे किंवा मागे घेणे. ‘पे बॅक’ म्हणजे फेडणे, ‘टेक बॅक’ म्हणजे शब्द किंवा वस्तू परत घेणे.

अर्थात हा कल आहे, नियम नव्हे. ‘ऑफ’ म्हणजे बंद, एवढेच लक्षात ठेवणारा माणूस ‘द अलार्म वेंट ऑफ’ हे वाक्य ऐकून गजर बंद झाला, असे समजेल. प्रत्यक्षात त्याचा अर्थ गजर वाजू लागला असा आहे. उलट ‘द लाइट्‌स वेंट ऑफ’ म्हणजे दिवे गेले. आगीच्या सूचनेच्या घंटेविषयी हे वाक्य उच्चारले गेले, तर अर्थातील ही उलटापालट जीवावर बेतू शकते.

नेहमी लागणारी जोडक्रियापदे

ब्रेक डाउन – यंत्र बंद पडणे, बोलणी फिसकटणे, रडू कोसळणे.
ब्रेक आउट – आग, युद्ध किंवा साथ अचानक सुरू होणे. अंगावर पुरळ उठणे.
ब्रिंग अप – मुलांना वाढवणे. चर्चेत एखादा विषय काढणे.
कॅरी आउट – पार पाडणे, अंमलात आणणे.
कम अक्रॉस – अनपेक्षितपणे आढळणे.
कम अप विथ – कल्पना किंवा तोडगा शोधून मांडणे.
फॉल थ्रू – ठरलेला बेत किंवा व्यवहार फिसकटणे.
गेट अलाँग – एकमेकांशी पटणे.
गेट ओव्हर – आजारातून किंवा धक्क्यातून सावरणे.
गिव्ह इन – नमते घेणे.
गिव्ह अप – प्रयत्न किंवा सवय सोडून देणे.
लुक आफ्टर – सांभाळ करणे.
लुक इन्टू – प्रकरणाची चौकशी करणे.
लुक डाउन ऑन – तुच्छ लेखणे.
लुक फॉरवर्ड टू – आतुरतेने वाट पाहणे.
मेक आउट – कष्टाने वाचता, ऐकता किंवा समजता येणे.
मेक अप – बनावट गोष्ट रचणे, भांडण मिटवणे.
मेक अप फॉर – उणीव भरून काढणे.
पॉइंट आउट – निदर्शनास आणणे.
पुट ऑन – कपडे, चष्मा इत्यादी घालणे, वजन वाढणे.
रन इन्टू – अचानक गाठ पडणे; अडचणीत सापडणे.
सेट अप – उभारणे, स्थापन करणे.
सेट ऑफ – प्रवासाला निघणे. स्फोट किंवा घटनामालिका सुरू करणे.
टेक आफ्टर – रूपाने किंवा स्वभावाने आईवडिलांवर जाणे.
टेक ऑफ – विमानाने उड्डाण करणे. अंगावरील वस्त्र उतरवणे. व्यवसायाने वेग घेणे.
टेक ऑन – जबाबदारी स्वीकारणे, कामावर घेणे.
टेक ओव्हर – ताबा किंवा कार्यभार घेणे.
टर्न डाउन – नाकारणे. आवाज किंवा आच कमी करणे.
टर्न अप – हजर होणे. हरवलेली वस्तू सापडणे. आवाज किंवा आच वाढवणे.
वर्क आउट – हिशेब करणे, तोडगा निघणे, व्यायाम करणे.

या यादीतील ‘टेक आफ्टर’ लक्षात घेण्याजोगे आहे. मूल वडिलांवर ‘गेले’ असे मराठी म्हणते, तर इंग्रजी त्याने वडिलांमागून ‘घेतले’ असे म्हणते. दोन्हीकडे शब्दशः अर्थ निरुपयोगी ठरतो आणि भाषकाला त्याची जाणीवही नसते.

वाक्यातील जागा

काही जोडक्रियापदांत कर्म मध्ये ठेवता येते, तर काहींत येत नाही. ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ ही दोन्ही रूपे शुद्ध आहेत. परंतु कर्माच्या जागी सर्वनाम आले तर ते मध्येच आले पाहिजे : ‘पुट इट ऑफ’ योग्य, ‘पुट ऑफ इट’ अयोग्य. ‘लुक आफ्टर’ची गोष्ट वेगळी. तेथे ‘लुक आफ्टर हर’ असेच म्हणावे लागते. ‘लुक हर आफ्टर’ असे म्हणता येत नाही.

तीन शब्दांची जोडक्रियापदे सहसा सलग राहतात. ‘लुक फॉरवर्ड टू’नंतर क्रियापद आल्यास त्याचे ‘इंग’ प्रत्ययान्त रूप वापरावे लागते : ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’. अर्जाच्या शेवटी या ठिकाणी नुसते ‘मीट’ लिहिले जाण्याची चूक वारंवार आढळते.

उच्चारातही फरक आहे. ‘टर्न ऑफ’ म्हणताना आघात सामान्यतः ‘ऑफ’वर पडतो. हीच जोडी नाम झाली की आघात पहिल्या भागावर येतो आणि लेखनात शब्द जोडून किंवा संयोगचिन्हाने लिहिले जातात. बॅकअप, लॉगिन, ब्रेकडाउन, फॉलोअप, वॉकआउट, हँडओव्हर ही अशी नामे मराठीत रुळली आहेत. म्हणजेच अनेक जोडक्रियापदांची अर्धी ओळख मराठी वाचकाला आधीच झालेली असते. ‘वॉकआउट’ म्हणजे सभात्याग, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ‘वॉक आउट’ हे क्रियापद वेगळे शिकवावे लागत नाही.

भारतीय वापर आणि त्यातील फरक

काही प्रयोग भारतात एका अर्थाने आणि इंग्लंड-अमेरिकेत दुसऱ्या अर्थाने चालतात. ‘पास आउट’ हे त्याचे ठळक उदाहरण. भारतात महाविद्यालयातून उत्तीर्ण होऊन बाहेर पडणे, हा त्याचा रूढ अर्थ आहे. लष्करी प्रबोधिनीतील ‘पासिंग आउट परेड’ तर सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु सर्वसामान्य ब्रिटिश किंवा अमेरिकी श्रोता ‘पास आउट’ म्हणजे शुद्ध हरपणे असे समजतो. परदेशी संस्थेपुढे मुलाखत देताना ‘ग्रॅज्युएट’ हे क्रियापद वापरणे सुरक्षित ठरते.

‘पुट अप’ हा शब्द सरकारी कार्यालयांत फाइल किंवा मसुदा सादर करणे या अर्थाने वापरला जातो. ‘कोठे राहता’ हे विचारण्यासाठीही भारतात तो ऐकू येतो. इतरत्र त्याचे नेहमीचे अर्थ उभारणे, भिंतीवर लावणे आणि एखाद्याला मुक्कामाला ठेवून घेणे असे आहेत. ‘कोप अप विथ’ हा भारतात सर्रास ऐकू येणारा प्रयोग प्रमाण इंग्रजीत ‘कोप विथ’ असा आहे. तेथे ‘अप’ची आवश्यकता नाही. ‘दिवा ऑफ करा’ हे मराठी-हिंदीतील वळण इंग्रजीत तसेच नेल्यास ‘ऑफ द लाइट’ असे सदोष वाक्य तयार होते. तेथे ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ म्हणावे लागते.

हक्क आणि सुरक्षिततेचा प्रश्न

जोडक्रियापदांचे अर्थ केवळ परीक्षेतील गुणांपुरते मर्यादित नाहीत. उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहतींमुळे आणि जवळच्या भिलाई पोलाद कारखान्यामुळे रायपूर परिसरात कामगारांची संख्या मोठी आहे. त्यांच्या दृष्टीने ‘ले ऑफ’ या शब्दाचा अर्थ पोटाशी निगडित आहे. आजच्या सर्वसाधारण इंग्रजीत ‘लेड ऑफ’ म्हणजे नोकरी गेली, असा अर्थ बहुधा घेतला जातो. भारतीय कायद्यात मात्र ‘ले-ऑफ’ म्हणजे कोळसा, वीज किंवा कच्चा माल यांची टंचाई, यंत्रातील बिघाड अशा कारणांमुळे मालकाने कामगाराला तात्पुरते काम देऊ न शकणे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील ही संकल्पना २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. विहित अटी पूर्ण करणाऱ्या कामगाराला अशा काळात मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या ५० टक्के भरपाई मिळते. नोकरी कायमची जाणे यासाठी कायद्यात ‘रिट्रेंचमेंट’ हा वेगळा शब्द असून त्याचे नियमही वेगळे आहेत. सूचनाफलकावरील ‘ले-ऑफ’ वाचून नोकरी गेली असे समजणारा कामगार आपल्या हक्काच्या भरपाईवर पाणी सोडण्याची शक्यता असते.

‘लॉकआउट’ या शब्दाचीही हीच स्थिती. कामगार कायद्यात तो टाळेबंदी या अर्थाने येतो. सुरक्षा विभागाच्या फलकावर मात्र त्याचा अर्थ दुरुस्ती चालू असताना यंत्राचा वीजपुरवठा किंवा झडप बंद करून तिला कुलूप घालणे असा असतो, जेणेकरून दुसऱ्या कोणी चुकून यंत्र सुरू करू नये. ‘शट डाउन’ म्हणजे ठरवून बंद करणे, तर ‘ब्रेक डाउन’ म्हणजे आपोआप बंद पडणे. बाष्पक चालवणाऱ्याला ‘ब्लो डाउन’ म्हणजे क्षार आणि गाळ काढण्यासाठी पाणी सोडणे आणि ‘ब्लो अप’ म्हणजे स्फोट होणे, यांतील अंतर ठाऊक असणे अपरिहार्य आहे.

रुग्णालयातही परिस्थिती वेगळी नाही. परदेशात काम करू इच्छिणाऱ्या परिचारिकेला वैद्यकीय संज्ञा लॅटिन मूळ असलेल्या शब्दांत शिकवल्या जातात. रुग्ण मात्र साध्या भाषेत बोलतो. तो ‘थ्रो अप’ म्हणतो तेव्हा त्याला उलटी झालेली असते. ‘पास आउट’ म्हणजे शुद्ध हरपणे, ‘कम राउंड’ म्हणजे शुद्धीवर येणे, ‘कम डाउन विथ’ म्हणजे आजाराने पडणे आणि ‘पास अवे’ म्हणजे निधन होणे. भुलीचा परिणाम ओसरू लागला, हे सांगण्यासाठी ‘वेअर ऑफ’ वापरले जाते. पुस्तकी इंग्रजी उत्तम असूनही हे शब्द अपरिचित असतील, तर रुग्णाची तक्रार समजण्यास विलंब होतो.

अभ्यास कसा करावा

इंग्रजीत जोडक्रियापदांची संख्या हजारोंनी आहे. सुदैवाने त्यांतील थोडीच वारंवार वापरली जातात. डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस यांनी ब्रिटिश इंग्रजीच्या १० कोटी शब्दांच्या संग्रहाचा अभ्यास करून २००७ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यानुसार अवघी २० क्रियापदे आणि ८ अव्यये यांच्या जोड्यांनी जोडक्रियापदांच्या एकूण वापराचा निम्म्याहून अधिक भाग व्यापला होता. मात्र सर्वाधिक वापराच्या १०० जोडक्रियापदांना मिळून ५५९ अर्थ होते. म्हणजे प्रत्येकी सरासरी साडेपाचांहून अधिक. मेलोडी गार्निए आणि नॉर्बर्ट श्मिट यांनी २०१५ मध्ये १५० जोडक्रियापदांची यादी तयार करताना त्यांचे नेहमी लागणारे अर्थ तेवढे निवडले. ती संख्या २८८ इतकी, म्हणजे प्रत्येकी सुमारे दोन अर्थ भरली. नवशिक्याने सर्व अर्थांमागे न धावता प्रथम हे मुख्य अर्थ शिकावेत, हा त्यामागील विचार आहे.

आपल्या मातृभाषेत अशी रचना नसलेले विद्यार्थी जोडक्रियापदे टाळून एकशब्दी क्रियापदांचा आश्रय घेतात, असे हिब्रू भाषक विद्यार्थ्यांच्या १९८५ मधील अभ्यासात दिसून आले होते. भारतातील विद्यार्थ्याची इंग्रजीही बहुतांशी पुस्तकातून येत असल्याने त्याला ‘इन्व्हेस्टिगेट’ हा शब्द ‘लुक इन्टू’च्या आधी भेटतो. लेखी अहवालात पहिला शब्द शोभून दिसतो. सहकाऱ्याशी बोलताना दुसरा स्वाभाविक वाटतो. दोन्ही ठाऊक असणे आणि प्रसंगानुसार निवड करणे, हे अभ्यासाचे उद्दिष्ट असावे.

त्यासाठी पुढील बाबी उपयुक्त ठरतात.

एक, जोडक्रियापद नेहमी पूर्ण वाक्यासह टिपून घ्यावे. ‘टर्न डाउन’ एवढेच लिहिण्यापेक्षा ‘बँकेने कर्जाचा अर्ज टर्न डाउन केला’ असे लिहिल्यास अर्थ आणि संदर्भ एकत्र लक्षात राहतात.

दोन, एकाच क्रियापदाची सर्व रूपे एका बैठकीत पाठ करू नयेत. ‘पुट’ची दहा रूपे एकत्र शिकल्यास त्यांचे अर्थ परस्परांत मिसळतात. एका वेळी दोन-तीन रूपे पुरेशी असतात.

तीन, शब्दकोशात जोडक्रियापद मूळ क्रियापदाच्या नोंदीच्या अखेरीस शोधावे. ‘कॅरी आउट’ हे ‘आउट’खाली नव्हे, तर ‘कॅरी’खाली सापडते. पहिलाच अर्थ उचलून न थांबता आपल्या वाक्यात बसणारा अर्थ निवडावा.

चार, अर्थ मातृभाषेतील नेमक्या प्रयोगाशी जोडावा. ‘पुट ऑफ’साठी ‘स्थगित करना’ या हिंदी शब्दापेक्षा ‘पुढे ढकलणे’ हा मराठी प्रयोग स्मरणात लवकर रुजतो, कारण त्याची घडण तशीच आहे. हिंदी माध्यमातून शिकलेल्या रायपूरच्या मराठी विद्यार्थ्याला घरातील भाषेचा येथे थेट लाभ होतो.

पाच, आपल्या व्यवसायात लागणारी जोडक्रियापदे प्रथम शिकावीत. कारखान्यातील कामगार, परिचारिका, बँक कर्मचारी आणि संगणक चालक यांच्या याद्या एकसारख्या असण्याचे कारण नाही.

सहा, कायदा, करार किंवा सुरक्षासूचना यांत आलेल्या शब्दाचा अर्थ अंदाजाने ठरवू नये. तेथे त्या दस्तऐवजातील व्याख्या पाहावी किंवा संबंधित अधिकाऱ्याकडून खुलासा करून घ्यावा.

छत्तीसगड शासनाने २०२० मध्ये स्वामी आत्मानंद यांच्या नावाने सरकारी इंग्रजी माध्यमाच्या शाळा सुरू केल्या. महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी हा विषय २००० पासून शिकवला जातो. इंग्रजीचा परिचय लवकर होणे ही त्यामुळे आता दुर्मीळ गोष्ट राहिलेली नाही. मात्र शब्द ओळखणे आणि त्याचा आशय उमगणे यांतील अंतर जोडक्रियापदांच्या ठिकाणी सर्वांत स्पष्टपणे जाणवते. ज्याला ‘पुढे ढकलणे’ आणि ‘मागे घेणे’ कोणी शिकवावे लागले नाही, त्या मराठी भाषकाला हे अंतर कापण्याची निम्मी तयारी घरातूनच मिळालेली आहे.